पाच जण बाहेर असताना

रणजी करंडकाचा विषय निघाला की मुंबईत एक वाद हमखास पेटतो आणि या आठवड्यात तो पुन्हा पेटला. साठच्या दशकातला मुंबईचा संघ थोर की अजिंक्य रहाणेने २०२४ च्या मार्चमध्ये करंडक उंचावला तो? मग मनातल्या मनात सामने खेळवले जातात. वाडेकर-सरदेसाईंना आजचा वेग झेपला असता का, ओल्या खेळपट्टीवर पद्माकर शिवलकरांसमोर आजची पोरं किती टिकली असती, आणि असंच पुढे. जो सामना कधी होणारच नाही त्याच्या निकालावर माणसं तावातावाने भांडतात, याचा मला मनापासून त्रास होतो. कारण जे सामने खरोखर झाले, त्यांच्यात या प्रश्नाचं बरंचसं उत्तर दडलेलं आहे आणि तिकडे कोणी वळत नाही.

आकडे सगळ्यांना पाठ आहेत. १९५८-५९ ते १९७२-७३ असे सलग पंधरा हंगाम करंडक मुंबईकडे राहिला. २०२३-२४ मध्ये वानखेडेवर विदर्भाला १६९ धावांनी हरवून मुंबईने तो बेचाळिसाव्यांदा जिंकला.

पंधरा या आकड्यापुढे सगळे नतमस्तक होतात, पण नुसत्या आकड्याने तुलना होत नाही. त्या काळी साखळी विभागापुरती होती. पश्चिम विभागात महाराष्ट्र, गुजरात, बडोदा, सौराष्ट्र. ते पार केले की बाद फेरीचे मोजके सामने. सामना अनिर्णित राहिला तर, आजच्यासारखीच, पहिल्या डावातली आघाडी पुरेशी. आज गटातले सात सामने आणि पुढे उपउपांत्य, उपांत्य, अंतिम असा लांब पल्ला आहे. वाट लहान असली की बलवान संघाला ठेच लागण्याची शक्यताही कमी होते, हे जुन्या मुंबईच्या चाहत्यांनी मान्य करायला हवं. मात्र ‘प्रतिस्पर्धीच लेचेपेचे होते’ हा उलट बाजूचा आक्षेप मला पटत नाही. १९६२ च्या एप्रिलपासून १९६४ च्या जानेवारीपर्यंत भारत एकही कसोटी खेळला नाही. म्हणजे १९६२-६३ च्या हंगामात देशातला प्रत्येक कसोटीपटू रणजीला मोकळा होता. त्याच हंगामात वेस्ट इंडीजचे चार वेगवान गोलंदाज आपल्याकडे खेळले: हैदराबादकडून रॉय गिलख्रिस्ट, बंगालकडून लेस्टर किंग, दिल्लीकडून चेस्टर वॉटसन आणि मुंबईकडून चार्ली स्टेयर्स. तो करंडकही मुंबईनेच राजस्थानला हरवून घेतला. त्या दशकात राजस्थान वारंवार अंतिम फेरी गाठत होता आणि दर वेळी समोर मुंबई उभी असे.

तरीही या पंधरांतला कोणता विजय सर्वांत मोलाचा, असं विचाराल तर मी १९६२-६३ चं नाव घेणार नाही. मी १९७०-७१ म्हणेन. त्या हंगामाच्या अखेरीस भारतीय संघ वेस्ट इंडीजमध्ये होता. सोळा जणांच्या त्या चमूत वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर आणि अशोक मांकड असे पाच मुंबईकर. इकडे अंतिम सामना महाराष्ट्राशी, आणि महाराष्ट्राचा एकही खेळाडू दौऱ्यावर नव्हता. मुंबईचं नेतृत्व सुधीर नाईकांकडे होतं. त्यांनी तोवर एकही कसोटी खेळलेली नव्हती. आघाडीची अख्खी फळी सातासमुद्रापार असताना उरलेल्यांनी, पूर्ण ताकदीने उतरलेल्या शेजाऱ्याला हरवून करंडक राखला. दौऱ्याने सगळ्यांचेच मोहरे नेले होते, त्यात मुंबईचं काय विशेष, असं कोणी म्हणेल. म्हणूनच हैदराबादकडे पाहावं. जयसिंहा, आबिद अली, जयंतीलाल, कृष्णमूर्ती, गोविंदराज असे त्यांचेही पाचच जण त्या चमूत होते. दोन शहरांचं नुकसान सारखंच, पण अंतिम फेरीत मुंबई होती, हैदराबाद नव्हता. विजेत्या संघाची खरी उंची त्याची बडी नावं बाहेर असताना कळते, हे माझं म्हणणं या एका हंगामावर भक्कम उभं आहे.

ही खोली आली कुठून? भर पावसात, चिखल झालेल्या खेळपट्ट्यांवर १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग, कचेऱ्यांची टाइम्स शील्ड आणि खेळाडूला पगार देऊन सरावाला सोडणाऱ्या कंपन्या यांतून. शिवलकरांचंच पाहा. १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात चेपॉकची खेळपट्टी पहिल्या दिवसापासून हातभर वळत होती. तमिळनाडूकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार होते. मुंबईच्या १५१ आणि ११३ धावा. तमिळनाडूच्या ८० आणि ६१. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्यात १८ धावांत पाच बळी घेतले, आणि तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. एवढा गोलंदाज एकही कसोटी खेळला नाही, कारण बिशनसिंग बेदी त्याच काळात डावखुरी फिरकी टाकत होते. देशाला ज्याची गरज भासली नाही, तो मुंबईला वर्षानुवर्षं मिळाला. बेदी नसते तर शिवलकर दौऱ्यांवर गेले असते आणि मुंबईचे काही करंडक निसटलेही असते. त्यांच्यावर झालेला अन्याय हा मुंबईचा फायदा होता, आणि पंधरा विजयांचे गोडवे गाताना ही गोष्ट कोणी बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. २०१७ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने त्यांना आणि राजिंदर गोयल यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. तोवर शिवलकरांनी पंचाहत्तरी ओलांडली होती.

आता आजच्या मुंबईला तीच कसोटी उलट बाजूने, बडी नावं हजर असताना, लावू. २०२५ च्या जानेवारीत रोहित शर्मा, यशस्वी जैस्वाल, रहाणे, श्रेयस अय्यर, शिवम दुबे, शार्दूल ठाकूर हे सहाही जण वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर मुंबईकडून उतरले. पहिला डाव १२० धावांत आटोपला आणि जम्मू-काश्मीरने सामना पाच गडी राखून जिंकला. यावरून मुंबई रसातळाला गेली असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं होईल. ज्या राज्यांना पूर्वी कोणी मोजत नव्हतं, तिथे आता टिच्चून गोलंदाजी करणारी मुलं आहेत. हा खेळ पसरल्याचा पुरावा आहे आणि तो आनंदाचाच. आणि २०२३-२४ च्या मुंबईकडे खोली नव्हती असंही नाही. बडोद्याविरुद्ध दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या तनुष कोटियन आणि तुषार देशपांडेने शतकं ठोकली. ही जोडी सुधीर नाईकांच्या संघात शोभली असती.

पण १९७०-७१ च्या मुंबईच्या पंगतीत बसवायचाच झाला तर मी २०२४-२५ चा विदर्भ बसवेन. रहाणे, सूर्यकुमार, दुबे, शार्दूल असलेल्या मुंबईला त्यांनी नागपुरात उपांत्य सामन्यात ८० धावांनी हरवलं. केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांच्या अकरांत करुण नायर सोडला तर कसोटी खेळलेला कोणी नव्हता. नायर बाहेरून आणलेला, हा आक्षेप खरा आहे आणि अंतिम सामन्यातल्या त्याच्या ८६ आणि १३५ धावा मोलाच्या होत्या. पण स्टेयर्स तरी कुठे दादरचा होता? हर्ष दुबेचे हंगामातले विक्रमी ६९ बळी, यश राठोडच्या ९६० धावा, अंतिम सामन्यात दानिश मालेवारच्या १५३ हे सगळं विदर्भातच पिकलेलं होतं. अंतिम सामना त्यांनी पहिल्या डावातल्या आघाडीवर जिंकला, तोही जामठ्याच्या घरच्या मैदानावर, हेही खरं. पण विदर्भाची परीक्षा खरी आता सुरू होते. आजवर त्यांच्याकडून भारतीय संघाने नेण्यासारखे फार थोडे होते. हर्ष दुबे, राठोड, मालेवार एकाच हंगामात देशासाठी बाहेर गेले, तर जामठ्याला त्यांच्या जागी कोण उतरतं, ते मला पाहायचं आहे.