पावतीवरचे कार्ड आणि पेटीतले कार्ड

संगणक जुना झाला की तो टाकून द्यावा, असे सांगणारे लोक आता पुष्कळ झाले आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नियमित सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवले. विंडोज ११ तर इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक यंत्रांना अधिकृतपणे दारातही उभे करत नाही. नांदेड-लातूरकडच्या मध्यमवर्गीय घरात संगणक घेणे हा चार जणांत बसून घेतलेला निर्णय असतो. अशा घरांतली धडधाकट यंत्रे एकाएकी म्हातारी ठरली. काही घरांनी मग लिनक्सची वाट धरली. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते. पण ती बसवल्यावर पडद्यावरचे चित्र जरा अडखळले, की ठरलेला सल्ला येतो : ग्राफिक्स कार्ड बदला, नाहीतर यंत्रच बदला.

माझे म्हणणे एवढेच आहे की, बदलण्याआधी आपल्या यंत्रात आहे काय ते पाहा. आयुष्याची बरीच वर्षे मी बँकेत काढली. शेतमालाच्या तारणावर कर्ज देताना एक नियम असे. अर्जावर तुरीची पोती किती लिहिली आहेत हे वाचून सही करायची नाही. गोदामात जायचे, थप्पी मोजायची, मधल्याच एखाद्या पोत्यातला मूठभर माल काढून पाहायचा. यात कर्जदारावर अविश्वास नसे. कागद आणि माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच भान असे. संगणक घेताना हे भान आपण दुकानाबाहेर चपलांबरोबर काढून ठेवतो.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग. तो दोन प्रकारचा असतो. एक, मुख्य प्रोसेसरच्या पोटातच असलेला. त्याला स्वतःची स्मृती नसते, रॅममधली थोडी उसनी घेऊन तो काम भागवतो. दुसरा, मदरबोर्डावरच्या लांब खाचेत बसवलेले वेगळे कार्ड. त्याला स्वतःची स्मृती असते आणि बहुधा पंखाही. पावतीवर मात्र दोघांचेही वर्णन 'ग्राफिक्स २ जीबी' अशा एकाच शब्दांत करता येते. गोम इथे आहे.

लातूरला माझे एक जुने सहकारी राहतात. त्यांच्या नातीला ॲनिमेशन शिकायचे आहे. घरात २०१७ साली घेतलेला संगणक, त्याच्या पावतीवर 'ग्राफिक्स २ जीबी' असे स्वच्छ लिहिलेले. विंडोज ११ चालेना म्हणून त्यांनी लिनक्स बसवून घेतले. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर मुलगी काम करू लागली तेव्हा चित्र हलवताना यंत्र धापा टाकू लागले. दुकानदार म्हणाला, "लिनक्समुळे कार्ड चालत नाही, नवे मशीन घ्या." घरात रकमेची जुळवाजुळव सुरू झाली आणि आजोबा मुदत ठेव मोडायला निघाले. मी फोनवर त्या मुलीला एक आज्ञा टाइप करायला सांगितली आणि समोर येईल ते वाच म्हटले. ती म्हणाली, "आजोबा, एकच ओळ दिसायलीय की. इंटेल लिहिलंय." मग वीज बंद करून, वायर काढून तिने पेटी उघडली. कार्डाची खाच रिकामी होती. जे कार्ड चालत नाही म्हणून सांगितले जात होते, ते यंत्रात आठ वर्षांत कधी नव्हतेच.

ही आज्ञा अवघड नाही. लिनक्समध्ये 'टर्मिनल' नावाची खिडकी उघडावी आणि 'एलएसपीसीआय' ही पाच इंग्रजी अक्षरे लहान लिपीत सलग लिहावीत. मग एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला जोडून 'एनएनके' ही तीन अक्षरे. यंत्रातल्या भागांची यादी समोर येते. तीत 'व्हीजीए' किंवा 'थ्रीडी कंट्रोलर' असे शब्द असलेली ओळ शोधायची. ओळीच्या शेवटाकडे चौकटी कंसात एक आकडा असतो. त्याची सुरुवात ८०८६ ने असेल तर माल इंटेलचा, १०डीई असेल तर एनव्हिडियाचा, १००२ असेल तर एएमडीचा. त्याखाली कोणता ड्रायव्हर काम करतो आहे तेही लिहिलेले असते. विंडोजमध्येही डिव्हाइस मॅनेजर उघडून कार्डाचे नाव पाहता येते. पाहण्याची सवय मात्र आपल्याला नाही.

आता, कार्ड नाही म्हणून लगेच घ्यावे का? मराठी माणसाचे अशा कार्डांशी नाते जुने आहे. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे तंत्र घडवले. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ते 'जिस्ट' या नावाने पुढे नेले. डॉसच्या त्या काळात यंत्रात जिस्ट कार्ड बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. तेव्हा ते कार्ड लागतच होते. पुढे युनिकोड आले, मराठी फॉन्ट मोफत मिळू लागले आणि तेच काम वेगळ्या कार्डाशिवाय होऊ लागले. तात्पर्य, कार्ड कामासाठी घ्यायचे असते. पत्रव्यवहार, हिशेब, शिकवणीचे व्हिडिओ एवढेच काम असेल, तर बहुतेक घरांत प्रोसेसरच्या पोटातला भाग पुरतो. यंत्र एकूणच संथ असेल तर आधी रॅम वाढवावी, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. व्हिडिओ संपादन, ॲनिमेशन, मोठे खेळ यांसाठी मात्र वेगळे कार्ड खरोखर उपयोगी पडते.

तेव्हाही तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली वीज : मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. अधिक लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर द्यावी लागते, आणि तेवढी ताकद त्या एसएमपीएसमध्ये हवी. दुसरी जागा : बारीक पेटीत पूर्ण उंचीचे कार्ड मावत नाही. तिसरी ड्रायव्हर, आणि लिनक्सवर हीच सर्वांत महत्त्वाची. एएमडीने २००७ साली आपल्या चिपांची तांत्रिक माहिती खुली करायला सुरुवात केली. आज तिचे आणि इंटेलचे खुले ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतात. एनव्हिडियाने आपला ड्रायव्हर दीर्घकाळ बंदिस्त ठेवला, त्याचा काही भाग मे २०२२ मध्ये खुला केला. तिच्या फर्मी पिढीच्या कार्डांचा अधिकृत ड्रायव्हर २०२२ अखेर वाऱ्यावर पडला. अशा कार्डांना स्वयंसेवकांनी लिहिलेल्या 'नूव्हो' या ड्रायव्हरचा आधार आहे, पण कार्डाची सगळी ताकद त्यातून मिळत नाही. म्हणून बाजारात स्वस्त मिळते म्हणून जुने कार्ड उचलू नये.

लातूरच्या त्या मुलीने आपल्या पेटीची उंची मोजली, एसएमपीएसवरचा वॅटचा आकडा वाचला आणि खाचेतल्या विजेवर चालणारे छोटे कार्ड घेतले. आजोबांची ठेव शाबूत राहिली.

सगळे दुकानदार फसवतात असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा त्यांनाही घाऊक व्यापाऱ्याने लिहून दिलेलेच ठाऊक असते. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाचा दर्जा, प्रमाण आणि क्षमता यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. तेव्हा पावतीवर चिपचे पूर्ण नाव आणि स्मृती स्वतंत्र की सामायिक हे लिहून घ्यावे. 'तसं कुणी लिहीत नाही' असे उत्तर आले, तर दुसरे दुकान पाहावे.

आणि एक मागणी आपल्या शाळांकडे. लातूर आणि नांदेड ही शिकवण्यांची गावे. बाहेरगावची मुले इथे येऊन राहतात, त्यांचे पालक पोटाला चिमटा काढून यंत्रे घेऊन देतात. या मुलांना संगणकाच्या तासाला टायपिंग शिकवतात, चित्रे रंगवायला देतात. वर्षातून एक तास वीज बंद करून पेटी उघडावी आणि आत काय आहे ते मुलांकडूनच वहीत लिहून घ्यावे. त्यासाठी सरकारी अनुदान लागत नाही, एक स्क्रूड्रायव्हर पुरतो.