दोष तुमचा की बटणांचा?



“मला मेलीला यातलं काही कळत नाही,” हे वाक्य आपल्या तोंडी किती पटकन येते पाहा. बँकेचे काचेचे दार ओढायचे की ढकलायचे ते समजले नाही, नव्या शेगडीचे भलतेच बटण फिरवले गेले, मोबाइलवर विजेचे बिल भरताना मधेच अडकायला झाले, की आपण स्वतःलाच बोल लावून मोकळ्या होतो. मग काय होते? बिल भरायचे काम ‘ह्यां’च्याकडे नाहीतर मुलाकडे जाते, त्यापाठोपाठ बँकेचे जाते, आणि पाच-सहा वर्षांनी आपल्याच खात्यात किती पैसे आहेत हे दुसऱ्याला विचारायची पाळी येते.

या वेळी जी पुस्तके सुचवते आहे ती याचसाठी. त्यांच्या विषयांची नावे भारदस्त आहेत, ‘यूजर एक्सपिरियन्स डिझाइन’ आणि ‘कंटेंट स्ट्रॅटेजी’. घाबरून जाऊ नका. पहिल्याचा अर्थ, वापरणाऱ्याला सोपी जावी अशी वस्तूची घडण. दुसऱ्याचा, कोणाला काय, केव्हा आणि किती सांगायचे याची आखणी. घर चालवणाऱ्या बाईला यातले काय नवे आहे, सांगा बरं!

पहिले पुस्तक डोनाल्ड नॉर्मन यांचे, ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’. नॉर्मन हे अमेरिकेतले मानसशास्त्राचे प्राध्यापक. इंग्लंडमध्ये केंब्रिजला मुक्काम असताना तिथली दिव्यांची बटणे, नळ आणि दारे यांनी ते इतके त्रासले, की त्यातून हे पुस्तक झाले. १९८८ साली ते आले तेव्हा नावात ‘सायकॉलॉजी’ हा शब्द होता, आणि दुकानदार ते मानसशास्त्राच्या कपाटात ठेवून देत. म्हणून पुढे नाव बदलले. नाव वाचून गिऱ्हाईक फसते, हा धडा लेखकाला स्वतःच्याच पुस्तकाने दिला म्हणायचा!

त्यांचे म्हणणे असे, की साध्या वस्तूपाशी माणूस पुन्हा पुन्हा चुकत असेल तर दोष वस्तू घडवणाऱ्याचा. दाराला मूठ असली की हात आपोआप ओढायला जातो, सपाट पट्टी असली की ढकलायला. मूठ लावून वर ‘ढकला’ अशी पाटी ठोकावी लागली, तर ते दारच चुकले. शेगडीचे उदाहरण तर आपल्या ओट्यावरचेच आहे. बर्नर चार, दोन पुढे, दोन मागे. बटणे मात्र समोर एका ओळीत. डावीकडचे पहिले बटण पुढच्या बर्नरचे की मागच्या? रोज स्वयंपाक करणारीही घाईत चुकते, आणि दूध बाजूलाच राहून रिकामा तवा तापत बसतो. तेच बर्नर जरा तिरके मांडले, म्हणजे कोणताही बर्नर दुसऱ्याच्या बरोबर मागे आला नाही, तर बटणांची जोडी डोळ्यांनाच दिसते, खुणा लागत नाहीत. नवी शेगडी घ्यायला जाल तेव्हा नुसती काच आणि रंग पाहू नका. दुकानदाराला न विचारता कोणते बटण कशाचे ते ओळखून पाहा. दुकानात चुकलात तर घरी रोज चुकाल. दिवाणखान्यातल्या आठ बटणांच्या बोर्डाला मात्र सोपा उपाय आहे. पंख्याच्या बटणावर एक टिकली चिकटवा. पाहुणे सगळे दिवे लावत बसणार नाहीत.

नॉर्मन आणखी एक गोष्ट मागतात. आपण काय केले आणि त्याचे काय झाले हे यंत्राने स्पष्ट सांगितले पाहिजे. पैशाच्या व्यवहारात याला फार मोल आहे, कारण फसवणारे नेमका इथला गोंधळ वापरतात. “तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका,” असे कोणी फोनवर म्हणाले तर तिथेच फोन ठेवा. यूपीआयवर पैसे जमा व्हायला पिन कधीच लागत नाही. तरीही पैसे गेलेच, तर रडत बसण्यात वेळ न घालवता लगेच १९३० हा क्रमांक फिरवा.

दुसरे पुस्तक बारीकसे आहे, स्टीव्ह क्रुग यांचे ‘डोन्ट मेक मी थिंक’, २००० सालचे. वेबसाइट कशा असाव्यात हा त्याचा विषय, पण मला त्यातले दोनच मुद्दे सांगायचे आहेत. लोक वाचत नाहीत, नुसती नजर फिरवतात. म्हणून लिहिलेले निम्मे शब्द काढा, आणि उरलेल्यातले पुन्हा निम्मे. दुसरा मुद्दा, आपण केलेली गोष्ट एखाद्या नवख्याच्या हातात देऊन गप्प बसून पाहा. हे गप्प बसणेच कठीण हो! आपल्याला लगेच “अगं, तिथे नाही, इथे दाब” म्हणावेसे वाटते. पण ती जिथे अडखळेल तिथेच आपले लिहिणे अपुरे.

घरून फराळ, मसाले किंवा डबे देणाऱ्या भगिनींनी तर जिनी रेडिशबाईंचे ‘लेटिंग गो ऑफ द वर्ड्स’ (२००७) जरूर पाहावे. त्यांच्या मते वाचणारी मनात एक प्रश्न घेऊन येते, आणि आपला मजकूर हे त्या प्रश्नाचे उत्तर. आता दिवाळीत ग्रुपवर येणारे निरोप आठवा. ‘सालाबादप्रमाणे यंदाही खास आपल्या आग्रहास्तव’ इथून सुरुवात, आणि भाव कुठे? शेवटी, नाहीतर नाहीच. त्याऐवजी असे लिहा : ‘भाजणीची चकली. अर्ध्या किलोचे पाकीट, २५० रुपये. मागणी धनत्रयोदशीच्या आठ दिवस आधीपर्यंत. पाकीट घरून न्यावे लागेल.’ चार ओळी, आणि “कितीला?” म्हणून येणारे वीस फोन वाचले. आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याची मापे दिली, ती याच जाणिवेने, स्वयंपाकघरात हाताशी तराजू नसतो, वाटी असते.

क्रिस्टिना हॅल्व्हर्सन यांचे ‘कंटेंट स्ट्रॅटेजी फॉर द वेब’ (२००९) कचेऱ्यांसाठी आहे. सगळे वाचायचा आग्रह नाही. त्यातली एक गोष्ट मात्र उचलावी. नवे लिहिण्याआधी, असलेल्या सगळ्या मजकुराची यादी करा. कोणता खरा, कोणता शिळा, आणि त्यावर लक्ष कोणी ठेवायचे ते ठरवा. हे वाचून आधी फ्रिजवर चिकटवलेले कागद पाहा. सासूबाईंच्या गोळ्यांचा डॉक्टरांनी बदललेला कागद आणि आधीचा, दोन्ही शेजारी शेजारी लटकत नाहीत ना? कंपनी बदलली की एकाच औषधाला दोन नावे होतात, आणि म्हातारे माणूस इमानाने दोन्ही गोळ्या घेते. नव्या कागदावर मोठ्या अक्षरात तारीख घाला, गोळीसमोर ‘रक्तदाब’, ‘साखर’ असे लिहा, आणि जुना कागद फाईलमध्ये ठेवा. डॉक्टरांना दाखवायला लागतो, भिंतीवर नको.

मूळ पुस्तके इंग्रजीत आहेत. सुरुवात क्रुगपासून करा, दोन दुपारी पुरतील. नॉर्मन यांचे पहिले प्रकरण सावकाश वाचा. मधला मानसशास्त्राचा भाग जड गेला तर खुशाल ओलांडा. घेताना २०१३ ची सुधारलेली आवृत्ती घ्या. किंमत परवडत नसेल तर गावातल्या वाचनालयात मागणी नोंदवा, आणि एकटीने नको, चौघींनी मिळून सह्या करून द्या.