रजा किती दिवसांची ते विचारा, आजाराचे नाव कशाला?

नोकरी करत असाल तर हे तुम्हाला नवे नाही. अंगात ताप आहे, तुम्ही कंपनीच्या ॲपमध्ये 'सिक लीव्ह' निवडता, तारखा टाकता आणि पुढचा रकाना येतो: आजाराचे नाव. शेजारी लाल खूण, म्हणजे तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही. त्याखाली 'कागदपत्र जोडा'. मग हाताला लागेल त्याचा फोटो जातो. औषधांची चिठ्ठी, रक्ताचा रिपोर्ट, कधी अख्खे डिस्चार्ज कार्ड.

माझे मत स्पष्ट आहे. हा रकाना काढून टाकला पाहिजे.

पगार काढायला, शिल्लक रजा मोजायला आणि तुमच्या जागी दुसरा माणूस नेमायला ऑफिसला काय लागते? रजा कधीपासून कधीपर्यंत, डॉक्टरने तपासले आहे का, आणि परतल्यावर काही पथ्य आहे का. म्हणजे वजन उचलायचे नाही, रात्रपाळी नको वगैरे. तुम्हाला मूळव्याध आहे की नैराश्य, मूतखडा झाला की गर्भपात, याने त्या हिशोबात एका पैशाचा फरक पडत नाही.

पूर्वी असा कागद हेडक्लार्कच्या कपाटात जायचा. कुजबुज तेव्हाही व्हायची, पण कपाट एकच असे. आज तोच मजकूर टीम लीडर, त्याचा वरिष्ठ, एचआर, पगाराचे काम घेतलेली बाहेरची एजन्सी, अशा कितीतरी जणांना दिसू शकतो आणि वर्षानुवर्षे तसाच राहतो. शिवाय जो तुमची रजा मंजूर करतो तोच बहुतेक वेळा तुमच्या पगारवाढीची शिफारसही करतो. चिठ्ठीवर 'एस्सिटॅलोप्राम' दिसले की ते कशाचे औषध आहे हे मोबाइलवर शोधायला त्याला अर्धा मिनिट पुरते.

हे अशक्य कोटीतले नाही. एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीच्या जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या केंद्रात, आजारपणाच्या रजेवरून परतलेल्यांशी वरिष्ठ गप्पा मारत आणि ऐकलेली लक्षणे, निदाने नोंदवून ठेवत. पन्नासपर्यंत व्यवस्थापकांना ती वाचता येत होती. ऑक्टोबर 2019 मध्ये संगणकातील एका चुकीमुळे काही तास ती सगळ्या कंपनीला खुली झाली, तेव्हा हा प्रकार बाहेर आला. 2020 मध्ये हॅम्बर्गच्या माहिती संरक्षण आयुक्तांनी सुमारे 3 कोटी 53 लाख युरोंचा दंड केला. त्या देशात डॉक्टर मालकासाठी जो रजेचा कागद देत, त्यावर निदान लिहिलेलेच नसे. ते फक्त विमा संस्थेच्या प्रतीवर. 2023 पासून हा कागद संगणकावरून जातो, तरीही मालकाला निदान कळत नाही. सॉफ्टवेअर आल्यावरही रकाना वाढवला नाही, एवढे साधे आहे ते.

आपल्याकडे? 2011 च्या माहिती तंत्रज्ञानविषयक नियमांत आरोग्याची माहिती 'संवेदनशील' म्हटली होती. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात असा वेगळा वर्ग नाही आणि नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची वाटही ठेवली आहे. ही वाट मला फार रुंद वाटते. एचआयव्हीपुरता मात्र 2017 चा कायदा आहे. तुमच्या संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या आदेशाशिवाय तुम्हाला ते उघड करायला लावता येत नाही. ॲपमधल्या रकान्यालासुद्धा तो अधिकार नाही.

या रकान्याचा परिणाम दवाखान्यात दिसतो. "डॉक्टर, व्हायरल फीवर लिहा ना," ही विनंती आम्हाला नवी नाही. खोटे प्रमाणपत्र देणे हा डॉक्टरसाठी गैरवर्तणुकीचा गुन्हा आहे, म्हणून नाही म्हणावे लागते. मग काही जण रजाच घेत नाहीत. मानसोपचाराची तारीख चुकते, क्षयाच्या औषधात खंड पडतो. आणि कंपनीच्या नोंदीत पाहाल तर सगळे ऑफिस बारा महिने व्हायरलने आजारी!

"संसर्गजन्य आजार असेल तर इतरांचे काय?" हा प्रश्न रास्त आहे. पण क्षयरोगाची नोंद डॉक्टरने सरकारच्या आरोग्य यंत्रणेकडे करायची असते, 2012 पासून ते बंधनकारक आहे. टीम लीडरकडे नव्हे. कामावर कधी परतणे सुरक्षित आहे ते डॉक्टर लिहून देतात. बस चालवणारा, विमान उडवणारा, खानावळीत स्वयंपाक करणारा यांची गोष्ट वेगळी. तिथे तपासणी हवीच, पण ती डॉक्टरने करायची आणि पुढे फक्त 'कामासाठी योग्य' किंवा 'अयोग्य' एवढे कळवायचे. ईएसआयचा आजारपणाचा भत्ता किंवा मेडिक्लेम हवा असेल तर निदान द्यावे लागते. ते ईएसआयला, विमा कंपनीला द्या. रजेच्या ॲपला नको.

खोट्या रजा घेणारे आहेत, मान्य. पण आजाराचे नाव विचारून खोटेपणा पकडला जात नाही. थापा मारणाऱ्याला आजारांची नावे आपल्यापेक्षा जास्त पाठ असतात.

तोवर तुम्ही एवढे करा. चिठ्ठी, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड अपलोड करू नका; फक्त रजेचे प्रमाणपत्र जोडा. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेतील प्रमाणपत्राच्या नमुन्यात आजारासाठी जागा आहे, पण रुग्णाची गुपिते जपण्याचे बंधनही त्याच नियमावलीत आहे. म्हणून तिथे खरे पण मोघम लिहायला डॉक्टरांना सांगा: 'पोटाचा आजार', 'शस्त्रक्रियेनंतर विश्रांती'. तुमच्या नोंदी कोणाकोणाला दिसतात हे एचआरला ईमेलवर विचारा, तोंडी नको. आणि आजाराच्या नावाशिवाय ॲप पुढे जातच नसेल, तर त्या रकान्यात लिहा: 'प्रमाणपत्र पाहावे'.