लेखक येऊन गेल्यावर

आखाडा बाळापुरासारख्या गांवच्या वाचनालयांत एखादा लेखक येतो, मुलांस ‘लिहा’ म्हणून सांगतो आणि सायंकाळीं परत जातो. पुढें काय? अमळनेरास साने गुरुजी नुसत्या उपदेशावर थांबले नाहींत. वसतिगृहांतील मुलांसाठीं ते ‘छात्रालय’ हें हस्तलिखित दैनिक स्वतः चालवीत, आणि १९२८ सालीं त्यांनीं ‘विद्यार्थी’ मासिक काढलें.

आम्हीं मात्र मास्तरकीच्या भरांत एका विद्यार्थ्याचा पहिलाच स्वतंत्र लेख तांबड्या शाईनें भरून टाकला. ऱ्हस्वदीर्घ सुधारलें, पण मुलानें लिहिणेंच सोडलें. तें शल्य अद्यापि जात नाहीं.

म्हणून बाळापूरच्या काय किंवा पुण्याच्या काय, वडील मंडळींस आमची विनंति आहे: लेखक गेल्यावर मूल कांहीं लिहून आणील, तें आधीं प्रेमानें वाचावें, शुद्धलेखन दुसरे दिवशीं पाहावें.