सुट्टे पैसे

मित्राचे वडील गेले तेव्हा मी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, दोन हात जोडले आणि मोकळा झालो. माझ्या आधी सतरा जणांनी तेच लिहिलं होतं. माझ्यानंतर लगेच कुणाचा तरी वाढदिवस निघाला. त्याला तीन आठवडे झाले. घर रिक्षाने पंधरा मिनिटांवर, पण भेटायला गेलेलो नाही. जाऊन बोलायचं काय?

सध्या निक केव्हची गाणी ऐकतोय. हा ऑस्ट्रेलियन गायक इंग्लंडमधल्या ब्रायटनला राहायचा. जुलै २०१५ मध्ये त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा आर्थर जवळच्याच कड्यावरून पडून गेला. तेव्हा 'स्केलेटन ट्री' या अल्बमचं काम चालू होतं. बरीचशी गाणी आधीच लिहून झालेली. अल्बम सप्टेंबर २०१६ मध्ये आला. नवा अल्बम म्हणजे मुलाखती आल्या, आणि पहिला प्रश्न कोणता येणार हे ठरलेलंच. ते टाळायला म्हणून अँड्र्यू डॉमिनिककडून माहितीपट करून घेतला. काय सांगायचं ते त्यात. पळवाटच ही, पण मला पटते.

२०१८ पासून मात्र तो लोकांच्या प्रश्नांना जाहीर उत्तरं देऊ लागला. लोकांनी गाण्यांबद्दल विचारलं, तसं आपल्या घरातल्या गेलेल्या माणसांबद्दलही लिहिलं. 'घोस्टीन' हा नवा अल्बम येतोय ही बातमीसुद्धा त्याने पुढच्या वर्षी अशाच एका उत्तरात सांगून टाकली. २०२२ मध्ये त्याचा आणखी एक मुलगा गेला. त्यानंतरही, २०२४ मध्ये, नवी गाणी आली.

पण माझ्या डोक्यात बसलंय ते गाणं नाही. आर्थर गेल्यावर केव्ह पहिल्यांदा घराबाहेर पडला तो ब्रायटनमधल्या एका शाकाहारी खाण्याच्या दुकानात. काउंटरवरची बाई ओळखीची. तिने नेहमीसारखं विचारलं, काय हवं? खाणं बांधून दिलं. एक शब्द नाही. त्याला ते जरा विचित्रच वाटलं. मग सुट्टे पैसे परत देताना तिने त्याचा हात घट्ट दाबला. बस. ही गोष्ट त्यानेच नंतर सांगितली.

माझ्या आईला हे बरोबर जमायचं. शेजारी कुणी गेलं की त्या घरी चूल पेटत नसे. आई पिठलं-भाताचं पातेलं नेऊन ठेवायची, पोरांना जेवायला वाढायची, भांडी घासून टाकायची. निघताना 'येते' म्हणायची नाही. दुःखाच्या घरातून तसं म्हणून निघत नाहीत. एरवी तिचं तोंड मिटत नसे, तिथे मात्र अवाक्षर नाही.

काल धीर करून मित्राला फोन लावला. दोघेही गप्प. मग तोच म्हणाला, "अरे, आईच्या पेन्शनचे कागद बँकेत द्यायचेत. माझं डोकंच चालत नाहीये."

सोमवारी साडेदहाला त्याच्याबरोबर बँकेत जातोय. दाखल्याच्या झेरॉक्स मी काढून नेणार आहे.