काकांचे कान आणि टेबलावरचे यंत्र

या सदरात आजवर पाणी तापविण्याच्या बंबापासून इन्व्हर्टरपर्यंत घरात लागणाऱ्या अनेक वस्तूंविषयी लिहून झाले. या महिन्याची वस्तू त्या अर्थाने गरजेची नाही. हेडफोन लावून घरी गाणे ऐकणाऱ्याच्या टेबलावर ठेवावयाचे ते एक ओंजळीएवढे यंत्र आहे. दोन-तीन वाचकांनी त्याविषयी पत्रांतून विचारले होते, आणि मी उत्तर लांबणीवर टाकीत होतो. कारण मला स्वतःलाच त्यातले फारसे कळत नव्हते. जे कळले ते आमच्या काकांमुळे, म्हणून त्यांच्यापासूनच आरंभ करतो.

आमची आदिलाबादची मराठी घरे निजामाच्या अमदानीपासूनची. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे शेजारचे भाग मुंबई राज्यात गेले आणि आम्ही पैनगंगेच्या अलीकडे राहिलो. त्याच वेळी आमचे राज्य आंध्र प्रदेश झाले, २०१४ पासून तेलंगण झाले. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि जुन्या दप्तरात उर्दू, हा क्रम मात्र बदलला नाही. रात्री रेडिओवर नागपूर केंद्र लागे. त्यावरील नाट्यगीते आणि अभंग टिपून घेण्यासाठी काकांनी कापसाच्या पेढीवरील दिवाणजीच्या पगारातून एक टेपरेकॉर्डर घेतला होता. त्या दिवसांपासून जमलेल्या दीडशेवर कॅसेटी त्यांच्या कपाटात आहेत.

काकांचे वय आता एक्याऐंशी. पाच-सहा वर्षांपासून ते आवाज मोठा करून ऐकू लागले, आणि ज्या खोलीत ते ऐकतात तिथेच नात दहावीचा अभ्यास करते. पोरगी काही बोलली नाही, पण काकांनी आपण होऊन ऐकणे सोडले. हैदराबादला असणाऱ्या थोरल्या चिरंजीवांच्या हे ध्यानात आले. त्यांनी काही कॅसेटी संगणकावर उतरवून मोबाइलमध्ये भरून दिल्या आणि सोबत एक उत्तम, महाग हेडफोन पाठविला. काकांनी तो मोबाइलला जोडून लावला. आवाज पूर्ण चढविला, तरी गाणे भिंतीपलीकडून आल्यासारखे. काकांनी हेडफोन काढून घडी घालून ठेवला आणि मला म्हणाले, "अरे, यंत्र चांगलेच असणार. माझे कानच संपले." आणि कॅसेटींची खोकी कोणाला द्यावीत, याचा विचार करू लागले.

कान संपले की नाही हे ठरविण्याचा मार्ग दुकानातून जात नाही. म्हणून आधी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. श्रवणाचा आलेख काढला. त्यात असे दिसले की दोन हजार हर्ट्झपर्यंतचे स्वर काकांना बऱ्यापैकी ऐकू येतात. त्यापुढे मात्र रेषा उतरत जाते. वयानुसार येणारा बहिरेपणा असाच वरच्या टोकाकडून येतो. स, श, त, थ यांसारखी व्यंजने त्या वरच्या भागात राहतात, म्हणून म्हाताऱ्या माणसाला बोलणे कळत नाही. षड्जापासून तारसप्तकापर्यंतचे गाण्याचे मूळ स्वर मात्र बहुतेक सारे हजार-बाराशे हर्ट्झच्या आत असतात. म्हणजे काकांचे गाणे शाबूत होते. बोलण्यासाठी डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचविले. ते निराळे प्रकरण. टेबलावरचे यंत्र श्रवणयंत्राचे काम करीत नाही, कारण ते सर्वच स्वर सारखे उचलते, हे येथे सांगून ठेवतो.

मग दोष कोठे होता? हेडफोनच्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेल्या दोन आकड्यांत. पहिला आकडा ओहमचा, म्हणजे वीजप्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा. मोबाइलसाठी केलेले हेडफोन साधारण सोळा ते बत्तीस ओहमचे असतात. चिरंजीवांनी पाठविलेला तीनशे ओहमचा होता. सेनहायझर कंपनीचा १९९७ पासून प्रसिद्ध असलेला एच. डी. ६०० याच जातीचा. दुसरा आकडा, एक व्होल्ट दिला असता किती डेसिबेल आवाज निघतो याचा, एच. डी. ६०० साठी तो सत्त्याण्णव आहे. मोबाइलच्या लहान जोडणीतून अर्धा व्होल्टच निघत असेल तर आवाज सहा डेसिबेलने उतरून एक्याण्णववर येतो. हा झाला गाण्यातील सर्वांत उंच क्षणाचा आवाज. सरासरी गाणे त्याच्या पंधरा-वीस डेसिबेल खाली चालते, आणि घरी उतरविलेल्या कॅसेटीचा आवाज मुळात आणखी दबलेला. एक्याऐंशी वर्षांच्या कानाला ते भिंतीपलीकडचे वाटले तर नवल काय? व्होल्ट दुप्पट केला की सहा डेसिबेल वाढतात, चौपट केला की बारा. टेबलावरच्या साधारण अॅम्प्लिफायरला दोन-चार व्होल्ट देणे जड नसते.

वाचकांनी या हिशोबातून एवढे घ्यावे की खरेदीचा क्रम हेडफोनपासून सुरू होतो. बत्तीस ओहमचा, सहज वाजणारा हेडफोन घरात असेल आणि मोबाइलवर तो पुरेसा वाजत असेल, तर अॅम्प्लिफायरवर खर्च करण्याचे कारण नाही. अशा हेडफोनसाठी घ्यावयाचाच झाला तर यंत्राचा स्वतःचा अडथळा हेडफोनच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा, म्हणजे बत्तीस ओहमला चार ओहमच्या आत. नाही तर काही हेडफोनांत खालचे स्वर फुगतात आणि तबल्याचा बायाँ डग्ग्यासारखा न वाजता पिंपासारखा वाजतो. हेडफोन बंद पाठीचा की उघड्या पाठीचा, हेही आधी ठरवावे. उघड्या पाठीच्या हेडफोनात गाणे मोकळे वाटते, पण ते बाहेरही झिरपते आणि बाहेरचे आत येते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, कूलर दिवसभर गरगरतो. तेव्हा उघड्या पाठीच्या हेडफोनात कूलरच अधिक ऐकू येतो. काकांचा हेडफोन उघड्या पाठीचा आहे. नातीला डास गुणगुणल्यासारखे ऐकू येते म्हणे, पण पूर्वीच्या टेपरेकॉर्डरपुढे ते काहीच नव्हे, असा निर्वाळा तिने दिला आहे.

आता रूपांतरकाविषयी. दुकानदार त्याला डॅक म्हणतात. संगणकात गाणे आकड्यांच्या रूपात साठविलेले असते. त्या आकड्यांची पुन्हा वीज करणारा तो भाग. मोबाइलमध्ये आणि संगणकात तो असतोच. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेतलेले असते आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसविलेले असते. त्यामुळे सर्वांत मंद आणि सर्वांत मोठा आवाज यांत सुमारे शहाण्णव डेसिबेलचे अंतर ठेवता येते. जाहिरातींत याच्या कैक पट मोठे आकडे असतात. घरगुती कॅसेटीत मात्र फितीच्या सरसरीवर पन्नास-पंचावन्न डेसिबेल उरले तरी पुष्कळ, आणि लाखेच्या जुन्या तबकड्यांवरून उतरविलेल्या गाण्यात त्याहूनही कमी. अशा गाण्यांसाठी त्या मोठ्या आकड्यांना भुलणे म्हणजे कापसाची गासडी सोनाराच्या काट्यावर तोलणे होय. बाहेरचा रूपांतरक एका कारणासाठी अवश्य घ्यावा : संगणकाच्या आतल्या जोडणीतून कित्येकदा किरकिर येते, माउस हलविला की ती बदलते. बाहेरच्या यंत्रात बहुधा ती थांबते.

रूपांतरक आणि अॅम्प्लिफायर एकाच डब्यात असलेली यंत्रे आज आठ-दहा हजार रुपयांपासून मिळतात. दीड-दोन लाखांचीही आहेत. पहिल्या किमतीच्या आसपास काम भागते, असे माझे मत झाले आहे. मात्र ऐकून निवडण्यासाठी आम्हांला दोनशे किलोमीटरवर नागपूर किंवा तीनशेवर हैदराबाद गाठावे लागते, आणि तेथे मी कसा फसलो तेही सांगतो. एका दुकानात दोन यंत्रे आलटून पालटून ऐकविली. दुसरे इतके जिवंत वाटले की दुप्पट पैसे मोजून घेऊन आलो. घरी शांततेत लावले तर त्यात गाणे नसतानाही सरसर ऐकू येई. नंतर उमगले की दुकानात दुसऱ्याचा आवाज किंचित मोठा ठेवलेला होता. एखाद-दुसऱ्या डेसिबेलचा फरक कानाला मोठेपणा म्हणून जाणवत नाही, गोडवा म्हणून जाणवतो. दोन्हींचा आवाज समान करून द्यावा, असा आग्रह गिऱ्हाइकाने धरावा. दुकानदार कंटाळला तरी धरावा. ते यंत्र मी परत केले. प्रवासाचे भाडे गेले ते गेलेच.

दुसरे यंत्र घेतले तेव्हा चार गोष्टी पाहिल्या. गाणे बंद ठेवून बटण पूर्ण फिरविले आणि सरसर नाही याची खात्री केली. मग बटण अगदी कमी ठेवून दोन्ही कानांत आवाज सारखा येतो का ते पाहिले; स्वस्त बटणात एक कान आधी जागा होतो. हेडफोनची जाड पिन बसेल असे सव्वासहा मिलिमीटरचे छिद्र आहे ना, हे बघितले. आणि मागे टेपरेकॉर्डर सरळ जोडण्याची सोय असलेलेच यंत्र मागितले. ही सोय पुष्कळ यंत्रांत नसते, आणि आपल्यासारख्या कॅसेटीवाल्या घरांना तीच सर्वांत उपयोगाची.

घरी आल्यावर निराळाच उपद्रव निघाला. हेडफोनात बारीक घूं ऐकू येई. काकांनी तो क्षणात ओळखला. "हा तंबोरा बेसूर आहे," ते म्हणाले. घरात काकूंची हार्मोनियम आहे. काकू काळी चारमध्ये गात. काळी चारचा खालचा षड्ज सुमारे १०४ हर्ट्झचा, आणि आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेची घरघर शंभरावर येते. म्हणजे ती षड्जाच्या खाली, निषादाच्या वर कोठे तरी लोंबकळते. सुरात गाणाऱ्याच्या कानाला त्यासारखा छळ नाही. संगणक एका भिंतीवरच्या सॉकेटात आणि यंत्र दुसऱ्या भिंतीवरच्या, असे झाले की ही घरघर बहुधा उद्भवते. दोन्ही एकाच पट्टीवर घेतली आणि ती गेली. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू झाला की थोडी परत येते. तेव्हा काका ऐकणे थांबवून चहा मागतात.

आवाजाच्या मर्यादेचे पथ्य मात्र अॅम्प्लिफायर आल्यावर अधिक पाळावे लागते, कारण आता हेडफोनात कान दुखविण्याइतकी ताकद आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ऐंशी डेसिबेलचा आवाज आठवड्याला चाळीस तासांपर्यंत चालतो; नव्वदचा अवघे चार तास. लहान मुलांसाठी मर्यादा याहून खालची आहे. बटण शून्यावर आणूनच हेडफोन कानाला लावावा. काकांच्या बटणावर नातीने नेलपॉलिशचा एक ठिपका दिला आहे. त्यापुढे जावयाचे नाही असा दोघांचा करार आहे.

पहिल्या दिवशी काकांनी नाट्यगीते ऐकली, दुसऱ्या दिवशी अभंग. तिसऱ्या दिवशी एक खोडलेल्या नावाची कॅसेट काढली. १९८० च्या दशकातील एका गणेशोत्सवात गल्लीच्या मंडपात काकू गायल्या होत्या, तिची ती. काकूंना जाऊन आता बारा वर्षे होतील. काका डोळे मिटून ऐकत होते. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी हेडफोन काढला. चेहरा उतरला होता. "हा तिचा आवाज नव्हे. मुलीसारखा येतो आहे. हे तुझे यंत्र काही तरी करते."

मी यंत्र तपासले, तारा तपासल्या. विकतच्या कॅसेटी लावल्या तर त्या सुरात होत्या. म्हणजे टेपरेकॉर्डरही बरोबर चालत होता. शेवटी काकांनीच हार्मोनियम पुढे ओढली आणि हेडफोनचा एक कान बाजूला सारून काळी चार धरली. कॅसेटीच्या आरंभी ती तंतोतंत जुळली. दहा मिनिटांनी कॅसेटीतील बाजा किंचित वर गेला. बाजू संपता संपता त्याचा षड्ज पांढरी सहावर होता. हार्मोनियम काही गाता गाता चढत नाही. काका थोडा वेळ गप्प राहिले, मग त्यांना आठवले. त्या रात्री मंडपातील वीज गेली होती आणि टेपरेकॉर्डर सेलवर चालविला होता. सेल उतरत गेले तशी फीत मंद फिरत गेली. मंद फिरलेल्या फितीवर टिपलेले गाणे नेहमीच्या गतीने वाजविले की चढे वाजते. इतकी वर्षे त्या बारक्या पेटीच्या कर्ण्यातून कोणाला ते कळले नव्हते.

अर्धा स्वर म्हणजे गतीत सुमारे सहा टक्क्यांचा फरक. संगणकावर गाण्याची गती कमी करता येते, पण येथे ती एका मापाने करून चालत नाही. आरंभी काहीच नाही आणि शेवटाकडे अधिकाधिक, अशी करावी लागते. ते काम सध्या रविवारी चालते. नात संगणकापुढे बसते, एकेका मिनिटाचा तुकडा वाजविते. काका हेडफोन लावून काळी चारवर बोट ठेवून बसतात आणि "अजून थोडे खाली," असे सांगतात. परवा अकराव्या मिनिटापर्यंत झाले होते.