पेटीनें नेलेली मींड

वाचकहो, ह्या सदरांत आजवर सुभाषितांना, व्याकरणाला, व्रतवैकल्यांना आणि प्रसंगीं लोणच्याच्या बरणीलासुद्धां जागा मिळाली आहे. परंतु विजेच्या वाद्याविषयीं लिहिण्याचा प्रसंग माझ्यावर येईल, असें मला स्वप्नांतहि वाटलें नव्हतें. तो आला ह्याचें कारण माझ्या धाकट्या भावाचा नातू. दिवाळीच्या सुटींत तो पुण्याहून घरीं आला, तो काखेंत एक पेटी घेऊन. आकारानें मसाल्याच्या डब्याएवढी. वर आठ घुंड्यांची एक रांग, खालीं आणखी दहाबारा घुंड्या, आणि मागें काळ्या तारांचें जंजाळ. पट्टी मात्र एकहि नाहीं. "अरे, मग हें वाजवायचें कसें?" असें आमच्या मंडळींनीं विचारिलें. तो म्हणाला, "आजी, हें वाजवायचें नाहीं, लावायचें." आणि तंबोऱ्याच्या खुंट्या पिळाव्या तसा तो एकेक घुंडी फिरवूं लागला. प्रत्येक घुंडी म्हणजे एक स्वर. यंत्र आपण होऊन पहिल्या घुंडीपासून आठवीपर्यंत जातें आणि पुन्हां पहिलीवर येतें.

मी तेथें बसलों होतों, पण बोललों नाहीं. ह्या घरांत पेटीची गोष्ट निघाली कीं माझें आणि भावाचें बोलणें थांबतें, आणि त्याचा दोष सर्वस्वीं माझा आहे. तें कसें, हें सांगण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

आमचे ती. वडील भजनास उभे राहत ते तंबोरा आणि मृदंग ह्यांवर. पेटी त्यांना वर्ज्य होती. "गाणें घाटानें चढतें, पेटी जिन्यानें चढते," असें ते म्हणत. त्यांचे आक्षेप दोन होते. पहिला हा, कीं एका पट्टीच्या आणि दुसऱ्या पट्टीच्या मध्यें पेटीला कांहींच ठाऊक नसतें; एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर न तुटतां जाणें, म्हणजे मींड, हें तिला अशक्य. दुसरा आक्षेप सूक्ष्म आहे. षड्जाचीं कंपनें २४० धरलीं, तर तंबोऱ्याच्या खर्जांतून आपोआप उमटणारा गंधार ३०० शीं जुळतो. परंतु पेटींत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असल्यामुळें तिचा गंधार ३०२ च्याहि किंचित् वर जातो. दोन कंपनांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. तंबोऱ्याशेजारीं बसलेल्या कानाला तो भातांतील खड्यासारखा लागतो.

हें मत वडिलांचें एकट्याचें नव्हतें. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीला दार बंद केलें, आणि तें पुन्हां किलकिलें व्हावयास १९७१ साल उजाडलें. त्याहिपूर्वीं, १९१० सालीं, कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनीं बावीस श्रुतींवर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि पुढें क्लेमंट्स नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्यानें श्रुतींची निराळी पेटीहि तयार करविली. ती घरोघर गेली नाहीं. घरोघर गेली ती बारा पट्ट्यांचीच. आणि आमच्या नाटकमंडळ्यांनीं तर पायपेटीशिवाय पडदा वर जाऊं दिला नाहीं. लोकांना जें सोयीचें, तें शास्त्राला विचारून घरांत येत नसतें.

असो. १९८६ सालीं माझ्या भावानें शिकवण्यांचे पैसे सांठवून एक जुनी जपानी विजेची पेटी विकत आणली. वडील नुकतेच निवर्तले होते, मी नुकताच शिक्षक झालों होतों, आणि घराचा कर्ता ह्या पदवीचा कैफ मला चढला होता. मीं त्या पेटीवर एक लांबलचक व्याख्यान झोडलें, संस्कृत वचनांसह. आणि दुसऱ्या दिवशीं त्याला ती परत करावयास लाविली. तो कांहीं बोलला नाहीं. पेटी देऊन आला, जेवला, निजला. त्यानंतर तो कधीं गावयास बसल्याचें मला आठवत नाहीं. तो माझ्याहून पुष्कळच बरें गात असे.

आतां ह्या नव्या पेटीकडे वळूं. नातवानें मला दोन संध्याकाळीं जें समजाविलें, तें मला उमगलें तसें सांगतों. ह्या वाद्यांना सिंथेसायझर म्हणतात. त्यांत स्वराची उंची विजेच्या दाबावर ठरते. अमेरिकेंत रॉबर्ट मूग ह्यांनीं १९६४ पासून जी रीत बसविली, तिच्यांत दाब एक व्होल्टनें वाढला कीं कंपनें दुप्पट होतात, म्हणजे षड्जावरून आपण तार षड्जावर जातों. व्होल्टचा बारावा हिस्सा वाढविला तर पेटीची एक पट्टी पुढें. परंतु मौज अशी, कीं दाबाला स्वतःला पट्ट्या ठाऊकच नसतात. बाराव्या हिश्श्याचा अर्धा घ्या, पाव घ्या, वाटेंत कोठेंहि थांबा; तो थांबतो. पट्ट्या ह्या वरून बसविलेल्या असतात.

आणि मींड? एका स्वरावरून दुसऱ्यावर जातांना दाब एरव्हीं एकदम उडी मारतो. त्याच्या वाटेंत एक रोध आणि एक कंडेन्सर बसविला कीं त्याला उडी मारतां येत नाहीं. एक हौद तुडुंब भरलेला आणि दुसरा अर्धा, असे दोन हौद अरुंद नळानें जोडले तर पाणी आधीं जोरानें धांवतें आणि पातळी जुळत आली कीं संथ होत जातें. दाबाचें तसेंच होतें. स्वर आधीं वेगानें निघतो आणि मुक्कामाच्या जवळ येतां येतां मंदावतो. हें ऐकतांना मी चपापलों. चांगला गवई मुक्कामाच्या स्वरापाशीं असाच विसावत येतो. पेटीनें जी मींड आमच्या घरांतून नेली असें वडील म्हणत, ती विजेच्या यंत्रांत चार आण्यांच्या दोन वस्तूंनीं परत येते, आणि ज्या यंत्रजातीला मीं व्याख्यान देऊन घराबाहेर काढलें होतें तिच्यांतच येते.

मग मीं त्या जातीची कुळकथा शोधूं लागलों, आणि तींत ओळखीचीं माणसें भेटूं लागलीं. रशियाच्या लेव तेर्मेन ह्यांनीं १९२० सालीं सिद्ध केलेल्या थेरेमिन ह्या वाद्याला पट्टी तर नाहींच, स्पर्शहि नाहीं. उजवा हात एका उभ्या दांड्याजवळ नेला कीं स्वर चढतो, दूर नेला कीं उतरतो. डावा हात आवाज लहानमोठा करतो. सगळें वाद्य म्हणजे एक अखंड मींडच. तेथें मींड घेणें सोपें, न घेणें हीच साधना. म्हणूनच तें वाजविणारे थोडे, आणि क्लारा रॉकमोरसारखे त्याहून थोडे. ह्या रॉकमोरबाई मूळच्या व्हायोलिनच्या, हें लक्षांत घ्यावें.

१९२८ सालीं पॅरिसमध्यें मोरिस मार्तनो ह्यांनीं आपलें वाद्य लोकांपुढें आणलें. ते स्वतः चेलो वाजवीत, त्यामुळें बोट तारेवर घसरण्याचें सुख त्यांना माहीत होतें. त्यांनीं बोटांत अंगठी घालून ती एका दोरीबरोबर सरकविण्याची योजना केली. ह्या वाद्यासाठीं ऑलिव्हिए मेसियाँ ह्या फ्रेंच रचनाकारांनीं एक भली मोठी सिंफनी लिहिली. १९४९ सालीं बोस्टन येथें ती प्रथम वाजली. तिचें नांव काय? तुरंगलीला! मी खुर्चींतून उठलोंच. हा शब्द मेसियाँ ह्यांना शार्ङ्गदेवाच्या देशी तालांच्या यादींत सांपडला. शार्ङ्गदेव म्हणजे संगीतरत्नाकराचा कर्ता, तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं असलेला. म्हणजे आपल्या दौलताबादचा. त्याच रत्नाकरांत श्रुति सिद्ध करण्यासाठीं बावीस बावीस तारांच्या दोन वीणा सांगितल्या आहेत. एक अचल, दुसरी चल. चल वीणेच्या तारा एकेक श्रुतीनें उतरवीत जावें आणि पहिलीशीं ताडून स्वरांचें अंतर मोजावें. ही वीणा मैफलींत वाजवावयाची नव्हती. ती कानानें प्रयोग करण्याची होती. नातवाच्या आठ घुंड्या पाहून मला काय आठवत होतें, तें तेव्हां कळलें.

घुंड्यांच्या ह्या रांगेलाहि इतिहास आहे, आणि तो तर हुबेहूब आमच्या ओसरीवरच्या भांडणासारखा आहे. मूग पूर्व किनाऱ्याच्या बाजूस काम करीत असतांनाच पश्चिमेस सान फ्रान्सिस्कोच्या कांहीं संगीतकारांसाठीं डॉन बुक्ला ह्यांनीं आपलें निराळें यंत्र रचलें. त्यांनीं पियानोच्या पट्ट्या बसविण्याचें नाकारलें. नव्या वाद्याला जुन्याचे हात जोडले तर माणूस जुनेंच वाजवील, असा त्यांचा रोख. पट्ट्यांच्या जागीं त्यांनीं स्पर्श ओळखणारे धातूचे पत्रे दिले, आणि घुंड्यांची ती रांग दिली, जिची एकेक घुंडी क्रमानें आपला दाब पाठविते. मूग ह्यांनाहि व्लादिमिर उसाचेव्हस्की नांवाच्या जाणत्यानें पट्ट्या नकोत असेंच बजाविलें होतें. परंतु हर्बर्ट डॉइच ह्या त्यांच्या सहकाऱ्याला पट्ट्या हव्या होत्या, आणि पट्ट्या आल्या. १९६८ सालीं वेंडी कार्लोस ह्यांनीं मूग यंत्रावर बाखचें संगीत वाजवून जी तबकडी काढली, ती अफाट खपली. तेव्हांपासून सिंथेसायझर म्हणजे पट्ट्यांची पेटी असें जगानें ठरविलें. म्हणजे मीं १९८६ सालीं जिच्यावर रागावलों, तो दोष विजेचा नव्हताच. तो पट्ट्यांचा होता. आणि पट्ट्या मात्र आमच्या गांवीं प्रत्येक शाळेच्या प्रार्थनेला वाजत होत्या, त्यांना मीं कधीं बोललों नाहीं.

आपल्या देशांत हें यंत्र कांहीं काल आलें नाहीं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत १९६९ सालीं डेव्हिड ट्यूडर ह्या अमेरिकन संगीतकारानें मूग यंत्र आणून बसविलें. त्यावर काम करणाऱ्यांत गीता साराभाई होत्या, ज्यांनीं १९४६ सालीं न्यूयॉर्कांत जॉन केज ह्यांना आपलें संगीतशास्त्र शिकविलें होतें व बदल्यांत त्यांच्याकडून पाश्चात्य संगीताचे पाठ घेतले होते. तेथील फिती पुढें कित्येक वर्षें कपाटांत पडून होत्या. २०२३ सालीं त्यांतील निवडक ध्वनि प्रसिद्ध झाले.

पण मला अधिक अडविलें तें मुंबईच्या चरणजितसिंगांनीं. हे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे. १९८२ सालीं त्यांनीं तीन जपानी यंत्रें घेऊन दहा रागांची एक तबकडी केली, डिस्कोच्या ठेक्यावर. त्यांतील एक यंत्र खर्जाच्या गिटारची नक्कल करण्यासाठीं काढलेलें होतें. नक्कल इतकी वाईट वठली, कीं कारखान्यानें तें १९८४ सालीं बंदच केलें. परंतु त्यांत एक सोय होती: ज्या स्वरावर खूण करावी, तेथून पुढच्या स्वरावर तें घसरत जाई. ती सोय म्हणजे मींड आहे हें ओळखावयास रागदारी ऐकलेला कान पाहिजे होता. तबकडी खपली नाहीं. पांच वर्षांनीं, १९८७ सालीं, शिकागोच्या तरुणांनीं तेंच टाकून दिलेलें यंत्र घेऊन नृत्यसंगीताचा एक नवा पंथ काढला. आणि चरणजितसिंगांची तबकडी २०१० सालीं परदेशांतून पुन्हां निघाली, तेव्हां लोक तारखा पाहून थक्क झाले. २०१५ सालीं ते वारले.

मीं ती तबकडी दोनदां ऐकली. ललिताची पहाट आणि मालकंसाची मध्यरात्र ह्यांना एकच ढोल, हें मला मानवलें नाहीं आणि मानवणारहि नाहीं. त्या यंत्राची घसरण सदा एकाच मापाची. गवई वाटेंत रेंगाळतो, परत फिरतो, तें तिला साधत नाहीं. परंतु तोडी ऐकतांना एके ठिकाणीं मीं मान हालविली, हें नातवानें पाहिलें, आणि तें त्यानें घरभर सांगितलें.

काल रात्रीं जेवणें झाल्यावर त्यानें आपल्या आठ घुंड्या भूपांत लाविल्या: सा, रे, ग, प, ध, तार षड्ज, आणि परत ध, प. भाऊ ओसरीवर अडकित्त्यानें सुपारी कातरीत बसला होता. चारपांच आवर्तनें झालीं आणि तो वर न पाहतां म्हणाला, "गंधार चढा आहे."

नातू म्हणाला, "आजोबा, मोबाइलवर आकडा बरोबर दाखवतोय."

"आकडा बरोबर असेल. गंधार चढा आहे."

तो चढाच होता. मीं हात पुढें करून तिसरी घुंडी किंचित् उतरविली. "आणखी थोडा, दादा," भाऊ म्हणाला. मीं आणखी उतरविली. "जरासा वर. हां, बस्स." अडकित्ता त्यानें खालीं ठेवला होता.